खाण बुजली, रस्ता तसाच

मुरमाची खदान बंद झाली की सगळ्यांचे लक्ष खड्ड्याकडे जाते. तो खोल असतो आणि गुरे पडण्याची भीती असते, म्हणून ते साहजिकच आहे. पण खड्ड्यात पडलेले पाणी निदान खड्ड्यातच थांबते. खालच्या शेतांची माती नेतो तो टिपरांनी चेपलेला पोचरस्ता. पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते आधी हा रस्ता मोडून जमीन पूर्ववत करण्यावर खर्च करावेत.

400 मीटर लांब आणि 3.5 मीटर रुंद रस्ता म्हणजे 1,400 चौरस मीटर जागा. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर 70,000 लिटर पाणी पडते. मुरायला जागा नसल्यामुळे त्यातले बहुतेक चाकोऱ्यांतून उताराला लागते. धुळे-नंदुरबारकडच्या बरड जमिनीवर चाकोरी खडकापर्यंत जाऊन थांबते. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत मात्र तिची घळ होते, आणि घळ दरवर्षी मागे मागे सरकत शेतात शिरते.

अशा रस्त्यावर गवतही धरत नाही. चिकणमातीची घनता घनसेंटिमीटरला साधारण दीड ग्रॅमच्या वर गेली की मुळांना आत शिरता येत नाही. वरवर नांगरून उपयोग नाही, कारण चेपलेला थर नांगराच्या तासाखालीही असतो. जमीन 45 ते 60 सेंटिमीटर खोल फोडावी लागते. ट्रॅक्टरचा सबसॉयलर (खोलवर जमीन फोडणारा लोखंडी दात) रस्त्याच्या लांबीने चालतो आणि उताराच्या दिशेने नाल्या पाडतो. त्यापेक्षा पोकलेनने आतल्या टोकापासून मागे येत बकेटने माती उचलून तिथेच टाकावी आणि पृष्ठभाग ओबडधोबडच ठेवावा. फोडलेल्या भागावर पुन्हा चाक जाता कामा नये. काम एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना करायचे. कोरडी काळी माती ढेकळांनी फुटते, ओल्या मातीत यंत्राचा दात नुसती फट पाडतो आणि फटीच्या बाजू लिंपल्या जातात.

मग रस्त्यावर तिरके आडबांध, म्हणजे पाणी बाजूला काढणारे मातीचे बुटके बांध. उतार 5 टक्के असेल तर दर 40 मीटरला, 10 टक्क्यांना 25 मीटरवर आणि 15 टक्क्यांना 15 मीटरवर एक. बांध रस्त्याला काटकोनात नको. काटकोनी बांधामागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारते. आडव्या रेषेपासून सुमारे 30 अंश खाली कललेला बांध स्वतःच गाळ वाहून टाकतो. माती बसून 30 सेंटिमीटर उंची उरावी म्हणून आधी 45 घ्यावी. वरचे टोक डोंगराच्या बाजूला जमिनीत घट्ट रुतवावे, नाहीतर पाणी वळसा घालून पुन्हा रस्त्यावर येते. खालच्या टोकाला दगडांची पिचिंग (माती धुपू नये म्हणून रचलेला थर) हवी, आणि ते टोक कोणाच्या शेताच्या बांधावर सोडू नये. 25 मीटरच्या टप्प्यात त्या 50 मिलिमीटर पावसाचे जास्तीत जास्त 4,400 लिटर पाणी येते. तेवढे पाणी गवताळ जमीन सहज पिते. रस्त्याच्या कडेला साचलेला मातीचा उंचवटा आधी काढला नाही, तर हे पाणी बाहेर पडतच नाही. रस्त्याखालच्या नाल्यातले पाईपही काढून नाला मूळ रुंदीचा करावा. पाईप तुंबला की पाणी भरावासकट जाते.

खड्ड्याचा 4 मीटरचा उभा कडा 1:3 उतारावर (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवे) आणायचा, तर वरच्या काठापासून 6 मीटर मागे खोदावे लागते. दर मीटर लांबीला 6 घनमीटर मुरूम निघतो आणि तोच पायथ्याशी बसतो, बाहेरून भराव आणायची गरज नसते. डाईकच्या (भेगेत लाव्हा थिजून झालेल्या कठीण भिंतीच्या) काळ्या पाषाणातली खदान असेल तर हा खटाटोप करू नये. तिथे सैल दगड पाडून काठाला कुंपण घालावे.

खरी अडचण वरच्या मातीची असते. खोदण्यापूर्वी वरचा 20 सेंटिमीटरचा थर वेगळा काढून दीड मीटरहून कमी उंच ढिगात ठेवला असेल, तर निम्मे काम झालेले असते. ढीग उंच केला की आत हवा पोहोचत नाही आणि मुळांना साथ देणारी बुरशी मरते. माती विकून टाकली असेल तर तलावातला गाळ वापरतात. 1,400 चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर थराला सुमारे 50 ब्रास गाळ लागतो. तो न फोडलेल्या मुरमावर नुसता पसरला तर पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडते आणि उतारावरचा गाळ घसरतो. म्हणून आधी फोडणे, मग गाळ, मग उथळ मिसळणे.

मृगाच्या पहिल्या ओलीवर मारवेल, पवना ही गवते आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी मातीत मिसळून हेक्टरी 8 ते 10 किलो फेकावे, एक सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नये. झाडांत अंजन, खैर, हिवर आणि बाभूळ घ्यावीत. अंजन वर फार हळू वाढते, कारण आधी सोटमूळ खाली जाते. वेडी बाभूळ आपोआप येते, तिची रोपे पहिल्याच वर्षी मुळासकट उपटावीत.

रस्त्याच्या तोंडाशी दीड मीटर रुंद, एक मीटर खोल चर खोदून मोठे दगड टाकावेत. नाहीतर टिपर रात्री पुन्हा येतात. दोन पावसाळे चराई बंद ठेवून गवत कापून न्यावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच फावडे घेऊन सगळे बांध पाहावेत. फुटलेला बांध त्याच आठवड्यात नीट केला, तर खालचे बांध टिकतात.