कानाला बुजणारे घोडे व खेचरे

कानाला हात लागू न देणे ही घोड्या-खेचरांबाबतची नेहमीची तक्रार आहे. मोरखी (डोक्यावर बसणारा पट्ट्यांचा साज) चढवायला हात वर गेला की जनावर मान उंच फेकते, मागे सरते, कधी जवळच्या माणसाला डोक्याचा तडाखा देते. तबेल्यात याला ‘खोड’ म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी पुढचे सगळे बिघडते, कारण खोड म्हटली की ती मोडायची असते. अशा जनावराचा कान बहुधा आज दुखत असतो, नाहीतर कधीतरी कोणीतरी दुखवलेला असतो. यातले काय खरे, हे आधी पाहायला हवे.

घोड्याच्या एकेका कानाला 10 स्नायू हलवतात. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना, सुमारे 180 अंशांत फिरू शकतात. साधारण 55 हर्ट्झपासून 33 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज घोड्याला ऐकू येतात. यातल्या वरच्या पट्टीचे आवाज माणसाला ऐकूच येत नाहीत. धोका कुठून येतो हे सांगणारा अवयव कोणी मुठीत धरला तर जनावर बिथरणारच. त्यात कपाळाच्या अगदी पुढचा आणि वरचा भाग घोड्याला नीट दिसत नाही. त्यामुळे समोरून कानाकडे जाणारा हात मध्येच नजरेआड होतो आणि थेट कानावरच जाणवतो.

माणसाने लावलेले कारण बहुतेक वेळा एकच असते: कान पिळणे. इंजेक्शन द्यायचे, नाल ठोकायचे किंवा कच्च्या घोड्यावर पहिल्यांदा खोगीर चढवायचे असले की एकाने कान पिळून धरायचा आणि दुसऱ्याने काम उरकायचे, ही रीत अनेक देशांत होती. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानटी घोडे वठणीवर आणणारे लोक तर कानाला अक्षरशः लोंबकळत. जनावर त्या वेळी निश्चल उभे राहते, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरच्या ओठाला दिलेला पीळ आणि कानाला दिलेला पीळ यांची तुलना केली होती. ओठाच्या पिळाने पहिली पाचेक मिनिटे हृदयाचे ठोके कमी झाले, पुढे मात्र वाढले. कान पिळल्यावर ते वाढलेच आणि लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाणही वाढले. म्हणजे कान पिळलेला घोडा शांत झालेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. पाच मिनिटांच्या सोयीसाठी जन्माची भीती पदरात घेऊ नये.

दुखण्याची कारणे बरीच आहेत. कानात गोचीड किंवा खरजेचे किडे असतात, बारीक माश्यांच्या चाव्यांनी आतली कातडी सोलवटते. काही घोड्यांच्या कानात पांढरट, खपलीसारखे चट्टे दिसतात. ते विषाणूमुळे होतात आणि चावऱ्या काळ्या माश्या तो विषाणू पसरवतात, असे मानले जाते. हे चट्टे नखाने खरवडून काढायला जाणे चूक आहे, कारण खपलीखालची कातडी हुळहुळी असते. कानाच्या बुडाशी असलेल्या सांध्याचा विकार, दातांचे दुखणे, कानांमागून जाणाऱ्या आखूड पट्ट्याने पडलेला घट्टा यांनीही जनावर हात झिडकारते. कालपर्यंत कानाला हात लावू देणारे जनावर आज लावू देईनासे झाले, किंवा एकाच कानाला लावू देत नसले, तर शिकवणे बाजूला ठेवून पशुवैद्याला बोलवावे.

दुखणे नाही याची खात्री झाली की सवय लावायला घ्यावी. जागा मोकळी असावी आणि जनावर खुंटीला पक्के बांधलेले नसावे. मागे ओढले आणि दोर ताठ झाला की भीती दुप्पट होते. दोर हातात धरावा, हाताला गुंडाळू नये. तोंडासमोर उभे न राहता खांद्यापाशी उभे राहावे आणि तळवा मानेवर, आयाळीच्या खाली टेकवावा. तिथून हात सावकाश वर न्यायचा. समजा, कानाच्या बुडापासून चार बोटांवर हात पोचला की मान ताठ होते. तर सहा बोटांवरच थांबायचे, एक श्वास घ्यायचा आणि जनावराने काही करण्याआधी हात खाली आणायचा. सगळे मर्म या हात काढण्यात आहे. मान उडवल्यावर हात काढला तर मान उडवणे उपयोगी पडते हे जनावर शिकते. शांत असताना काढला तर शांत राहणे उपयोगी पडते हे शिकते. चुकून डोके वर गेलेच, तर हाताने त्याचा पाठलाग करू नये आणि झटक्याने हात काढूही नये. तळवा खाली सरकवून मानेवर टेकलेला ठेवावा आणि डोके खाली आले की उचलावा.

काही दिवसांनी हात कानाच्या बुडावरून सहज जाऊ लागतो. मग केसांच्या ओघाने बुडाकडून टोकाकडे एकच सलग स्पर्श करावा, कान मुठीत मात्र पकडू नये. आतल्या बाजूला अंगठा लावणे अगदी शेवटी. दिवसातून दोनदा पाच-सात मिनिटे पुरतात. काम झपाट्याने उरकू पाहणाऱ्याला हे संथ वाटते; पण घाईत एकदा धरलेला कान आठवड्याची कमाई घालवतो.

खेचराची गोष्ट थोडी वेगळी. गाढव आणि घोडी यांच्या या संततीचे कान लांब, म्हणून डोक्यावरून ओढलेला पट्टा त्यात हमखास अडकतो आणि कान दुमडतो. शिवाय खेचर स्वतःच्या जिवाला फार जपते आणि झालेला त्रास विसरत नाही. अमेरिकेत खेचरांसाठी कानांमागचा पट्टा उघडता येईल असा लगाम वापरतात. आपल्याकडे मोरखीचे गालाजवळचे बक्कल सोडून तेच साधते: पट्टा मानेवरून पलीकडे टाकायचा, कानांमागे आणायचा आणि गालापाशी अडकवायचा. कानांना स्पर्शच होत नाही. ही पळवाट नव्हे. रोजचे काम भीतीविना झाले, तरच सरावाला अर्थ राहतो.

कानातले केस कापण्यासारखे काम थांबणार नसेल, तर पशुवैद्य जिभेखाली लावायचे गुंगीचे औषध देऊ शकतो. मात्र गुंगीतले जनावरही अचानक लाथ झाडू शकते. शिवाय हे केस किड्यामाश्यांना अडवतात, त्यामुळे नुसत्या देखणेपणासाठी ते कापूच नयेत.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे येणाऱ्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ओळखच कानांवरून पटते: आत वळलेले, टोकाला एकमेकांना भिडू पाहणारे. साहजिकच गिऱ्हाइकाचा हात आधी तिकडेच जातो. अनोळखी घोड्याच्या कानाला थेट हात घालण्यापेक्षा विकणाऱ्यालाच मोरखी एकदा काढून पुन्हा चढवायला सांगावी. मोरखी कानांवरून सरळ गेली तर उत्तम. तो न विचारताच गालाकडचे बक्कल सोडू लागला, तर भाव बोलण्याआधी दोन्ही कान आतून उजेडात पाहून घ्यावेत.