हिंगाने बुंधा कुजत नाही

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या वाडीतला जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. सोबत माड आणि पोफळी पडल्या त्या वेगळ्याच. आंब्याचा सरळ भाग वखारवाल्याने नेला. वेडेवाकडे ओंडके त्याला नको होते आणि आम्हालाही. त्यातले बरेचसे विहिरीमागे फणसाच्या सावलीत मातीवर लोटून दिले. दोन ओंडके गोठ्याच्या पत्र्याखाली चिऱ्यांवर ठेवले, बसायला होतील म्हणून. आज विहिरीमागच्या ओंडक्यात बोट घुसतं आणि लाकूड स्पंजासारखं ओलं, फिकट, दोरे दोरे होऊन हाताला येतं. गोठ्यातल्या ओंडक्यावर कुऱ्हाड मारली तर अजून खणकन वाजते. झाड एकच, पडलं एकाच दिवशी.

हा फरक डोळ्यांसमोर असूनही गावात सल्ले मिळतात ते असे: बुंध्याला भोक पाडून हिंग भर, मीठ ओत, ताक-गूळ घाल, रॉकेल टाकून पेटव. आता त्यात ‘आठवड्यात लाकूड कुजवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांची भर पडली आहे. हिंगाचा वास कितीही उग्र असला तरी तो लाकडाचं काही वाकडं करत नाही. मीठ तर उलटंच काम करतं. जे मीठ लोणच्यात बुरशी धरू देत नाही, ते बुंध्यात ओतलं की तिथे बुरशीला पोषक कसं होईल? वर भोवतालची माती नासते ती वेगळीच.

जाळण्याचं म्हणाल, तर एकटा जाड ओंडका जळत नाही. लाकूड उष्णता नीट वाहून नेत नाही आणि वर कोळशाचा थर धरला की आतल्या लाकडापर्यंत ती आणखीच कमी पोहोचते. दोन लाकडं जवळ असली तर ती एकमेकांना तापवत राहतात. चुलीसमोर बसणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं, म्हणून ती विझू लागलेली लाकडं एकमेकांना भिडवते. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण खरी, पण त्या ओल्यातलं पाणी उकळवण्यात बरीच आग खर्ची पडते आणि उरतो तो धूर.

मग विहिरीमागचा ओंडका कुजवला कोणी? पावसाने नव्हे, बुरशीने. पाऊस तिला फक्त ओल पुरवतो. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल असली की बुरशीचं काम सुरू होतं, 20 टक्क्यांच्या खाली ते थांबतं. गोठ्यातला ओंडका पागोळीपासून आत आणि मातीपासून वर होता, एवढंच त्याचं नशीब. दुसरीकडे, विहिरीच्या तळाशी पडलेलं लाकूडही वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथे ओल भरपूर पण हवा नाही. ओल आणि हवा, दोन्ही एकदमच लागतात.

आता या लेखाचं खरं कारण. लाकडाचा सर्वांत मोठा हिस्सा सेल्युलोजचा असतो, म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. सगळे सांधे एकसारखे, त्यामुळे एकाच प्रकारची कात्री, म्हणजे विकर (एन्झाइम), सगळीकडे चालते. पण ही माळ मिळते लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या चिवट पदार्थाच्या, आवरणात. लाकडात सुमारे 20 ते 30 टक्के लिग्निन असतं. झाड ते बनवतं तेव्हा त्याचे घटक जिथे जमेल तिथे एकमेकांना चिकटत जातात, म्हणून त्यात ठरावीक नक्षी नाही. एक सांधा एका तऱ्हेचा तर शेजारचा दुसऱ्या. कात्री घडवायची तरी कोणत्या सांध्यासाठी? शिवाय विकराचा रेणू इतका थोराड असतो की धडधाकट लाकडाच्या पेशीभिंतीत तो शिरतच नाही.

यावर ‘पांढरी कूज’ (लाकूड फिकट आणि दोरे दोरे होतं ती) घडवणाऱ्या बुरशीचा तोडगा मला फार आवडतो. ती विकराला बाहेरच उभं करते आणि आत निरोप्या धाडते. बुरशी आधी हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, तेच जे पूर्वी जखमेवर लावलं की फेस यायचा. मँगनीज पेरॉक्सिडेज नावाचं विकर ते घेऊन मँगनीजच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. इलेक्ट्रॉनला भुकेलेला हा मँगनीज एकटा टिकला नसता, म्हणून ऑक्झॅलिक आम्ल त्याला धरून ठेवतं (अळू नीट शिजलं नाही की घशाला खाज सुटते ती याच आम्लाच्या क्षारामुळे). ही जोडी आकाराने चिमुकली. ती भिंतीत झिरपते आणि लिग्निनच्या घटकांमधल्या कड्यातून (अणूंच्या वर्तुळातून) इलेक्ट्रॉन हिसकावते. डळमळलेलं कडं मग आपलं आपणच तुटतं, सांधा कोणताही असो. मँगनीज पूर्वपदावर येतो आणि पुन्हा त्याच कामाला लागतो. जी कडी मँगनीजलाही दाद देत नाहीत त्यांच्यासाठी लिग्निन पेरॉक्सिडेज आहे. त्याच्या पोटात हीम असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तसं, मधोमध लोह धरून ठेवणारं कडं. हे विकर 1983 मध्ये फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं.

एवढा खटाटोप करून बुरशी लिग्निनवर पोसली जात नाही. तिला हवं असतं आतलं सेल्युलोज. आणखी नवल असं की, फॅनेरोकीटीमध्ये ही यंत्रणा सुरू होते ती नायट्रोजन संपल्यावर, उपासमारीत. म्हणून ओंडक्यावर युरिया किंवा गोमूत्र ओतलं की कूज हमखास वाढेल असं नाही. पालापाचोळ्याला नायट्रोजन मानवतो, पण या बुरशीच्या बाबतीत तो लिग्निन फोडण्याचं काम थांबवूही शकतो. सगळ्या जाती अशा वागत नाहीत, तरी बाटलीवाल्यांनी हे वाचायला हवं.

कुजक्या लाकडावर पावसाळ्यात रात्री हिरवट उजेड दिसतो, भीमाशंकरच्या रानात तो प्रसिद्ध आहे. ते भूत नाही आणि देवचारही नाही. काही बुरशींच्या तंतूंमधल्या एका रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून प्रकाश बाहेर पडतो. थंड प्रकाश, हात लावला तरी भाजत नाही.

तर नको असलेल्या आंब्याच्या ओंडक्याचं काय करायचं? साल राहू द्यावी, म्हणजे ओल टिकते. सावलीत, अर्धा मातीत बसवावा आणि वर पालापाचोळा टाकावा. खोल पुरू नये, हवा मिळत नाही. उताराला आडवा टाकला तर वाहून जाणारी मातीही अडते. साग आणि फणस मात्र असे कुजवू नयेत. त्यांच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणूनच त्यांची दारं आणि तुळया पिढ्यान् पिढ्या टिकतात. ते विकावेत. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो, तो आधी काढावा. पोफळ उभी चिरून पन्हळी कराव्यात.

माडाच्या बाबतीत मात्र मी वर सांगितलेलं सगळं उलटं करा. माडाचं खोड बाहेरून टणक, आत भुसभुशीत. सावलीत पडून कुजू लागलं की गेंडा भुंग्याची मादी त्यात अंडी घालते, आणि पुढच्या पिढीचे भुंगे शेजारच्या उभ्या माडांच्या कोंबात शिरून कोवळी पानं कुरतडतात. वादळात वाचलेला माड पडलेल्या माडामुळे जातो तो असा. म्हणून खोड पडल्यावर लगेच उभं चिरावं आणि फाळ्या उन्हात टाकाव्यात, त्या वाळल्या की भुंगा फिरकत नाही. खोड आधीच भुसभुशीत झालं असेल तर पहारीने फोडावं. आत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतील. आमच्याकडे त्या वेळी कोंबड्या आधीच येऊन उभ्या असतात.