लकवा आला की आधी पाणी पाजू नका

शेजारच्या काकूंना सकाळी पोहे परतताना लकवा आला, तोंड एका बाजूला गेलं, हातातलं उलथनं पडलं, आणि घरच्यांनी पहिलं काय केलं तर चमच्याने पाणी पाजायला घेतलं. आपल्याकडे कुणाला काहीही होवो, आधी पाणी! माया असते हो त्यात, पण स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून येणाऱ्या या लकव्यात, हेच महागात पडू शकतं.

लकव्याने चेहरा जसा ढिला पडतो तसे घशाचे स्नायूपण ढिले पडू शकतात, मग पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरतं. तुम्ही म्हणाल ठसका लागेल की, कळेलच. तीच तर गोम आहे, घशाची जाणीवच गेली असेल तर ठसका लागतच नाही, पेशंट गुपचूप गिळल्यासारखा दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहितीये. पण पुढच्या तीन दिवसांचं काय? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिट्समध्ये, म्हणजे हॉस्पिटलातल्या स्ट्रोकच्या खास वॉर्डांत, यावर अभ्यास झाला, 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. काही युनिट्समधल्या नर्सेसना तीनच गोष्टी नीट बसवून दिल्या: ताप, साखर आणि गिळणं. अंग 37.5 डिग्रीला गेलं की पॅरासिटामॉल, साखर वाढली की लगेच उपाय, आणि गिळण्याची तपासणी 24 तासांत. नवीन मशीन नाही, महागडं औषध नाही. 90 दिवसांनी बघितलं तर दगावलेले किंवा परावलंबी झालेले पेशंट या युनिट्समध्ये 42 टक्के, बाकीच्यांत 58. मला तर हा आकडा वाचून आधी खरंच वाटेना.

ताप एवढा का नडतो? गुठळीच्या आजूबाजूला मेंदूचा काही भाग मेलेला नसतो, अर्धपोटी तग धरून असतो. तापात त्याची भूक वाढते, पण रक्त तेवढंच, मग तोही जातो.

काकूंच्या वेळी नर्सने आल्या आल्या विचारलं, तोंडाने काही दिलंय का? मग दीड दिवस नुसते ओठ ओल्या कापसाने पुसायचे, काकू खुणेने पाणी मागायच्या, काकांना बघवायचं नाही. तपासणीनंतर पहिल्यांदा मिळालं ते दोन चमचे घट्ट दही. पाणी सगळ्यात शेवटी, कारण पातळ पाणी घशात आवरणंच सगळ्यात अवघड.