पुण्यात सुटलेली दारू कुडाळात परत का लागते?

गेल्या आठवड्यात कुडाळ स्टँडवर एसटीची वाट बघत होतो, शेजारच्या बाकावर दोघं दारू सोडवायला पुण्याला गेलेल्या कुणाबद्दल तरी बोलत होते, "म्हयनोभर पुण्याक ऱ्हवान इलो, आठ दिसात परत तसोच. पैशे पाण्यात." हे आमच्या सिंधुदुर्गात मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि निष्कर्ष दर वेळी एकच, माणूसच मनाचा कच्चा. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला पावलोव्हच्या कुत्र्यापासून सुरुवात करावी लागेल.

शाळेतलं आठवा. घंटा वाजली की खाणं, मग काही दिवसांनी नुसत्या घंटेनेच लाळ. याच्या पुढचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात आणि खरी गंमत तिथेच आहे. घंटा वाजवत राहायची पण खाणं द्यायचं नाही, की लाळ हळूहळू थांबते. आपल्याला वाटतं कुत्रा विसरला, पण तसं नाही, मधे थोडा काळ जाऊ दिला आणि परत घंटा वाजवली तर लाळ परत येते, हे खुद्द पावलोव्हनेच पाहिलं होतं. म्हणजे जुनं पुसलं जातच नाही, त्याच्यावर "आता काही मिळत नाही, थांब" असं एक नवं शिकणं येऊन बसतं.

आता पुढची पायरी. 1979 मध्ये बूटन आणि बोल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना एका पेटीत आवाजाची भीती शिकवली, आवाज आला की शॉक. मग वेगळ्याच पेटीत ठेवून तोच आवाज बिनशॉकचा ऐकवत भीती घालवली. उंदीर निवांत झाले. आणि पहिल्या पेटीत परत ठेवल्यावर? भीती परत हजर! नंतर दारूवरही असेच प्रयोग झाले, दारूसाठी दांडी दाबायची सवय दुसऱ्या पेटीत मोडली तरी मूळ पेटीच्या वासात आणि उजेडात आल्यावर उंदीर परत दांडी दाबायला लागले. हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग "आपण आत्ता कुठे आहोत" याची नोंद ठेवतो, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्या नोंदीप्रमाणे जुन्या ओढीवर हात ठेवतो, आणि जागा बदलली की तो हात सैल पडतो. थोडक्यात ओढ सगळीकडे सोबत येते, "थांब" मात्र जिथे शिकलं त्या पत्त्याला चिकटून राहतं. त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची भर, शुल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या माकडांमध्ये रस मिळाल्यावर होणारा डोपामिनचा उसळा काही दिवसांनी रसाच्या आधीच्या खुणेलाच यायला लागला, आणि खुणेनंतर रस मिळाला नाही तर नेमक्या त्या क्षणी डोपामिन नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलं. पेला समोर यायच्या आधीच जी तगमग होते ती यातूनच.

तर पुण्यात महिनाभर शिकलेलं "थांब" पुण्याचं. इकडे उतरल्यावर समोर काय, बाजाराचा दिवस, संध्याकाळचे सात, तळलेल्या बांगड्याचा वास, काजूच्या हंगामात बोंडांचा आंबूस दर्प, आणि हाक मारणारे तेच चौघे. श्रावणाचंही मला तसंच वाटतं, महिनाभर घरातलं जेवण आणि बाहेरचं बसणं-उठणं सगळंच बदलतं, म्हणून "मी श्रावण पाळतो म्हणजे मला व्यसन नाही" या हिशोबात काही दम नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. "न सांगता दारू सोडवा" म्हणून जी पुडी विकतात ती जेवणात कालवू नका. आत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली तर ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठून बीपी धाडकन खाली येऊ शकतं, जीवावर बेततं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय एकदम बंद करू नये, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यावर देवाक गाऱ्हाणं घालून चालत नाही, दवाखाना लागतो.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या संघटनेच्या मीटिंगचं महत्त्व मला इथे दिसतं, हे जोडणं माझं आहे पण वरच्या प्रयोगांवरून सुचलेलं. एए 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं, तेव्हा उंदरांचे हे प्रयोग कुणाला माहीत असणार? पण आठवड्याला ठरलेल्या वारी, आपल्याच तालुक्यात, नेमक्या पिण्याच्या वेळी न पिता बसायचं, म्हणजे "थांब" हे मूळ पेटीतच शिकायचं. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे आधी झालेले अभ्यास एकत्र करून तपासणं) 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती, तिथे एए आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या ठरीव उपचारात वर्षाअखेर पूर्ण कोरडे 42 टक्के, इतर उपचारांत 35. जादू नाही, पण फरक आहे.

मी एका खुल्या मीटिंगला गेलोय, शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, चहा. एकेक जण उठून शेअरिंग करतो, मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, नावनोंदणी नाही, शेवटी पिशवी फिरते त्यात सदस्य आपल्या इच्छेने टाकतात. खुल्या मीटिंगला घरचेही येऊ शकतात, बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात ही भीती खरी आहे, मी ती हलकी धरत नाही. पहिल्या दोन-चार वेळा शेजारच्या तालुक्यात जा, किंवा फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगला बसा, पण धीर आला की जवळच्या ग्रुपला या, कारण ओढ तिथेच लागणार आहे. पत्ता एएच्या वेबसाइटवर मिळतो, 14446 या सरकारी टोल-फ्री नंबरवर व्यसनाबद्दल बोलता येतं, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही विचारा. वार आणि जागा बदलत राहतात म्हणून निघण्याआधी ग्रुपला फोन करा, मीटिंग खुली आहे का, किती वाजता सुटते, आणि त्यानंतर तुमच्या गावाची शेवटची एसटी मिळते का.