पांढरा की तांबूस?

गौताळ्याच्या जंगलात किंवा येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पक्षी बघणाऱ्यांकडून एक समजूत हमखास कानावर येते. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा नर तरुणपणी तांबूस असतो आणि वय झालं की, माणसाचे केस पिकावेत तसा, पांढरा होतो. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण इतकी सोपी नाही.

काळंनिळं चमकदार डोकं, त्यावर तुरा, डोळ्याभोवती निळं कडं. अंग बुलबुलाएवढं आणि शेपटीची मधली दोन पिसं अंगापेक्षाही लांब. ही पिसं फक्त नराला, तीही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात. तोवर तो आखूड शेपटीचा, तांबूस, मादीसारखाच दिसतो. मात्र लांब शेपटीचे तांबूस नरही जोडी जमवतात, पिल्लं वाढवतात. श्रीलंकेत कायम राहणाऱ्या उपजातीत तर नर पांढरे होतच नाहीत. आपल्याकडे दोन्ही रंगांचे नर आहेत, अधलेमधलेही सापडतात. म्हणजे नुसत्या वयाने हे कोडं सुटत नाही. पांढरी मादी मात्र कुठेच नसते.

खाणं सगळं किड्यांचं. ताठ बसायचं, हवेतला किडा हेरायचा आणि झेपेत टिपायचा. चोच बुडाशी रुंद, कडेला राठ केस. हे केस जाळ्यासारखे किडे अडवतात असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका माशीमार पक्ष्याचे केस काढून पाहिले, तर शिकार कमी झाली नाही; उलट डोळ्यांत कचरा जाण्याचा धोका वाढला. माझं मत विचाराल तर शेपटीपेक्षा हे केस जास्त नवलाचे.

बाकी हा मध्य प्रदेशचा राज्यपक्षी, तिकडे दूधराज म्हणतात. जुनं नाव शाह बुलबुल; बुलबुलाशी नातं काहीच नाही.

घरटं म्हणजे गवत-मुळ्यांची वाटी, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली. अंडी तीन-चार, ती दोघंही उबवतात. नर बसला की लांब पिसं वाटीबाहेर लोंबतात, म्हणजे शत्रूला पत्ताच! कोतवाल पक्ष्याच्या घरट्याजवळ बिऱ्हाड थाटण्याची सवय इथे कामी येत असावी. कोतवाल कावळ्या-शिक्र्याला फिरकू देत नाही. मे-जूनमध्ये ओढ्याकाठच्या गर्द झाडीत कोतवाल भांडताना दिसला, तर आसपासच्या खालच्या फांद्याही बघा. लांबूनच बघा, घरट्याजवळ मोबाइल नेऊ नका.