घरी बनवलेली बंदूक आणि परवान्याचा गैरसमज
शिराळा आणि पाटणच्या डोंगरपट्ट्यात भुईमूग नि ऊस रानडुकरांपासून राखताना एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, की परवाना विकत घेतलेल्या बंदुकीला लागतो, स्वतःच्या शेतासाठी बनवून घेतलेल्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीला नाही. हा समज साफ चुकीचा आहे आणि त्यापायी घरे उद्ध्वस्त होऊ शकतात. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि बनवायला वेगळा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षे, कमाल जन्मठेप आहे.

खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. तेव्हा आधी परवाना काढावा, मगच परवानाधारकाकडून जुनी बंदूक घ्यावी. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबणे बंधनकारक आहे. बंदूक पाहताना गज (दारू ठासायची सळई) नळीत अलगद सोडावा आणि तो जितका आत गेला ते माप बाहेरून नळीला लावून पाहावे; तळापर्यंत पोहोचत नसेल, तर आत जुना बार (आधी भरून राहिलेली दारू) असू शकतो. नळी फुगलेली किंवा गंजाने खड्डे पडलेली असेल, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

परवाना हातात आला तरी रानडुक्कर मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ती वन विभागाकडून स्वतंत्रपणे, लेखी घ्यावी लागते.