मुंगूस मुळीबिळी काही खात नाही हो
आमच्या कोकणात गडग्यावरून मुंगूस पळालं की कोणीतरी सांगणारच, नाग चावला की ते रानात जाऊन कसलीशी मुळी खातं नि विष उतरतं. असलं काही नसतं. गंमत म्हणजे इंग्रज लेखक किपलिंगने १८९४ च्या जंगल बुकमध्ये रिक्की-टिक्की नावाच्या मुंगसाच्या गोष्टीतच हे खोटं आहे म्हणून लिहिलंय, तरी पोरं त्या मुंगसावर फिदा आणि मोठी माणसं मुळीवर! खरं कारण त्याच्या अंगातच आहे, नागाचं विष स्नायूंवर ज्या जागी चिकटतं ती जागाच मुंगसाची वेगळी, त्यामुळे विष नीट चिकटत नाही, वर केस फुलवून चकवायची चपळाई. पण जास्त विष गेलं तर तेही मरतं. माणसाला नाग चावला तर मुळी उगाळत बसू नका, विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं.